काळी-पिवळी, मावशीचं मनगट आणि १९३९ चा कायदा

गेल्या दोन विकेंडना काहीच लिहिलं नाही. रिलीज होतं. आज शनिवार, चहा झाला, म्हटलं जे डोक्यात घोळतंय ते एकदाचं उतरवून काढावं. विषय जरा रुक्ष आहे, पण शेवटपर्यंत वाचा. कधीतरी उपयोगी पडेल, आणि पडू नये हीच इच्छा.

झालं असं, की महिन्यापूर्वी टीममधला एक मित्र ऑफिसमधून शेअर कॅबने घरी येत होता. मागून डंपरने ठोकलं. कॉलरबोन फ्रॅक्चर, प्लेट, दीड महिना सुट्टी. भेटायला गेलो तर हा गडी खुशीत! "अरे, ऍपवाल्यांनी भाडं परत केलं, वर शंभराचं कूपन पण दिलं." मी विचारलं, एफआयआर? "ड्रायव्हर म्हणाला कशाला लफडं, इन्शुरन्सचं तो बघतो म्हणे."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. २००९ साली, केळझरला.

केळझर म्हणजे माझ्या मावशीचं गाव. वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर, सेलू तालुक्यात. टेकडीवर सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. गावातले लोक सांगतात की हीच महाभारतातली एकचक्रानगरी. बकासुराला रोज गाडाभर अन्न आणि गाडा घेऊन येणारा माणूस द्यायचा, अशी पाळी लागलेली. एका ब्राह्मणाच्या घरची पाळी आली तेव्हा भीम गेला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी मला एकच प्रश्न पडायचा. भीम यायच्या आधी जे गेले त्यांच्या घरच्यांचं काय? त्यांना कुणी काही दिलं का? मावशी म्हणायची, "त्याहीले कोन देते रे बाबू!"

तर २००९. मी पाचवीत. मावशी वर्ध्याहून अस्तर, काजबटणं घेऊन काळी-पिवळीने परत येत होती. ज्यांनी या जीपा पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी: परवाना नऊ-दहा माणसांचा, आत सोळा, मागे लटकलेले वेगळे. वळणावर ट्रकला बाजू देताना जीप कलंडली. कुणी दगावलं नाही, पण मावशीचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. ते नीट जुळलंच नाही. मावशी शिवणकाम करायची. उजवं मनगट न वळणाऱ्या बाईने कात्री कशी धरायची ते तुम्हीच ठरवा.

ड्रायव्हर पलीकडच्या गावचा, ओळखीचा. चार माणसं बसली, "आपसात मिटवा" झालं, जीपमालकाने पाच हजार दिले आणि एका कागदावर मावशीचा अंगठा घेतला. मावशीला सही येते बरं का. हातच चालत नव्हता म्हणून अंगठा, तोही डावा.

आमच्या घरी वर्षभराने कुणीतरी म्हणालं, केस करायला हवी होती. दुसरं कुणी म्हणालं, आता मुदत गेली. विषय संपला. मित्राच्या निमित्ताने मी परवा बसून या कायद्याचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की ती "मुदत गेली" ही गोष्टच खोटी होती. पण ते पुढे येईलच.

सुरुवात १८५५ पासून करू. त्याआधी इंग्रजी कायद्याचं तत्त्व असं, की माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर मेला. म्हणजे पाय तोडला तर भरपाई, जीव घेतला तर काही नाही! इंग्लंडमध्ये रेल्वे आली, अपघात वाढले, आणि १८४६ मध्ये पार्लमेंटने मृताच्या कुटुंबाला दावा करायचा हक्क दिला. आपल्याकडे पहिली रेल्वे १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावली आणि १८५५ मध्ये तसाच कायदा इथे झाला. पण तो चालवायचा दिवाणी कोर्टात. दाव्याच्या रकमेनुसार कोर्ट फी भरा, वर्षानुवर्षं थांबा, आणि जिंकल्यावर कळायचं की समोरच्याकडे द्यायला दमडी नाही.

मोटारींनी हा प्रश्न मोठा केला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तोडगा काढला तो सक्तीच्या विम्याचा. विम्याचं प्रकरण प्रत्यक्ष लागू झालं १ जुलै १९४६ ला. मग १९५६ च्या दुरुस्तीने दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणं आणली. तेच आजचं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. नाव भारदस्त असलं तरी ते जिल्हा न्यायालयातच बसतं.

पण या विम्यात एक मेख होती. भाडं देऊन बसलेल्या प्रवाशाचा विमा सक्तीचा, फुकट लिफ्ट घेतलेल्याचा नाही. आता ही मेख किती टोचते याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या भागातलंच निघावं, याची मला गंमत वाटली. गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असो.

१८ डिसेंबर १९६०. एक गृहस्थ एका जिनिंग प्रेसिंग कंपनीच्या मोटारीतून नागपूरहून पांढुर्ण्याला निघाले होते. गाडी चालवत होता कंपनीचाच मॅनेजर. गाडी रस्ता सोडून उजव्या बाजूच्या झाडावर अशी आदळली की झाड तुटलं आणि इंजिन फूटभर मागे सरकलं. गृहस्थ गेले. बायकोने दावा लावला. न्यायाधिकरणात जिंकली, हायकोर्टात हरली, शेवटी सुप्रीम कोर्टात १९७७ च्या मार्चमध्ये जिंकली. वकील मंडळी याला "पुष्पाबाई निकाल" म्हणतात आणि तो अजून दाखवला जातो.

त्यात कोर्टाने तीन गोष्टी सांगितल्या. एक, गाडी रस्ता सोडून झाडावर जाते तेव्हा निष्काळजीपणा विधवेने सिद्ध करत बसायचा नाही, तसं का झालं ते समोरच्याने सांगायचं. दोन, मॅनेजर कंपनीच्या कामाला निघाला असेल तर त्याने दिलेल्या लिफ्टची जबाबदारी कंपनीवर. तीन, आणि ही कडू गोष्ट: विमा कंपनी फक्त पॉलिसीत लिहिलेल्या १५ हजारांपुरती बांधील, कारण फुकट प्रवाशाचा विमा कायद्याने सक्तीचा नव्हताच. सोळा वर्षं लागली या सगळ्याला.

म्हणून पहिला धडा: तुम्ही गाडीत "कोण" होता, हा प्रश्न जखमेइतकाच महत्त्वाचा आहे. ऍपच्या टॅक्सीत तुम्ही भाड्याचे प्रवासी, प्रश्न मिटला. पण खाजगी गाडीत पैसे वाटून बसलात, तर विमा कंपनी सगळ्यात आधी हाच मुद्दा काढते की खाजगी गाडी भाड्याने का चालवली? मित्राच्या बाइकवर मागे बसलात आणि त्याची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी निघाली, तर मागच्याला त्यातून संरक्षण नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये म्हटलंय. पॅकेज पॉलिसी असेल तर गाडीतले लोक त्यात येतात. हे विमा नियामकाने २००९ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा मित्राला विचारा, "कुठली पॉलिसी आहे रे?" भाव खाईल, पण विचारा.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९८२ मध्ये "चूक कुणाची हे न विचारता" द्यायची भरपाई आली: मृत्यूला १५ हजार, कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला आणि १९९४ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. ते आकडे ५० हजार आणि २५ हजार झाले. तुम्ही जिथे राहता तिथेच दावा लावायची सोय झाली, म्हणजे अपघात पुण्यात झाला तरी दावा वर्ध्यात. आणि दावा दाखल करायची मुदतच काढून टाकली गेली. १४ नोव्हेंबर १९९४ पासून मुदत नाही!

म्हणजे २००९ साली मावशीला मुदत नव्हती. २०१० ला नव्हती, २०१५ ला नव्हती. आमच्याकडे ज्याने "आता मुदत गेली" म्हटलं तो बहुतेक जुना सहा महिन्यांचा नियम ऐकून बोलला असणार. दार सताड उघडं होतं आणि आम्ही ते बंद आहे समजून बाहेर उभे होतो.

आता ते दार पुन्हा लोटलं गेलंय. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका. पण त्यावर विसंबून राहू नका. सहा महिने म्हणजे सहा महिने असं समजूनच चाला. प्लास्टर, फिजिओ, ऑफिस यात ते कसे जातात कळतही नाही.

२०२२ च्या नियमांनी एक चांगली गोष्टही केली. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा. तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. पण अहवाल यायला पोलिसांत नोंद हवी. नोंदच नसेल तर सगळं मुसळ केरात.

तर मंडळी, करायचं काय? मी मित्राला जे लिहून दिलं तेच इथे देतो.

आधी उपचार. दवाखान्यात "रस्ता अपघात" असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते पोलिसांना कळवतात आणि मेडिकोलीगल नोंद होते. "बाथरूममध्ये पडलो" असं चुकूनही सांगू नका. मे २०२५ पासून रस्ते अपघातात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे, तिच्याबद्दल विचारा.

दोन्ही गाड्यांचे नंबर, फोटो, राइडचा स्क्रीनशॉट, भाड्याची पावती त्याच दिवशी सेव्ह करा. तुम्ही भाड्याचे प्रवासी होता याचा तो पुरावा. काळी-पिवळीत तिकीट नसतं, तेव्हा शेजारी बसलेल्यांची नावं लिहून घ्या. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत मागा.

चूक कॅबची की डंपरची, या वादात पडू नका. प्रवाशाची चूक नसताना दोन्ही ड्रायव्हर दोषी असतील तर त्यातल्या कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागता येते. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये हे नीट सांगितलंय. त्यांचं आपसातलं ते बघतील.

गाडीत जास्त माणसं कोंबली होती म्हणून दावा बुडत नाही. मात्र २००७ च्या एका निकालानुसार विमा कंपनीची जबाबदारी परवानगी असलेल्या प्रवासीसंख्येपुरती राहते, बाकीचं मालकाकडून. मागे लटकणाऱ्यांनी लक्षात घ्या.

आणि शेवटचं, कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नाही. अंगठा तर नाहीच. समझोता करायचा तर लोकअदालतीत, वकील बरोबर घेऊन, आणि तोही जखम पूर्ण कळल्यावर. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. वकील परवडत नाही? बाईमाणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हा १९८७ चा कायदा आहे. म्हणजे मावशीच्या वेळीही होता.

आता इंजिनिअर म्हटल्यावर आकडेमोड केल्याशिवाय झोप कशी येणार? सुप्रीम कोर्टाने २००९ च्या एप्रिलमध्ये वयानुसार गुणकाचा तक्ता ठरवून दिला. ३६ ते ४० वयाला गुणक १५. मावशी तेव्हा अडतीसची. शिवणकामाचे महिन्याला तीन हजार धरू, वर्षाचे ३६ हजार. २०१० च्या दुसऱ्या एका निकालात कोर्टाने सांगितलं की डॉक्टरने लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतलं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर कारकून काम करत राहू शकेल, ड्रायव्हर किंवा सुताराचं सगळंच जाईल. शिंपिणीचं उजवं मनगट गेलं तर? मी कंजूषपणे ३० टक्के धरले. वर्षाचं नुकसान १०,८००. गुणिले १५. एक लाख बासष्ट हजार. यात उपचार नाहीत, वेदना नाहीत, बंद राहिलेल्या मशीनचे महिने नाहीत.

मिळाले पाच हजार.

हा हिशेब मी एक्सेलमध्ये तीनदा तपासला. बग सापडेल अशी आशा होती. नाही सापडला.

मागच्या रविवारी मावशीला फोन केला. सगळं सांगितलं. १९९४, मुदत नव्हती, फुकट वकील, सगळं. आकडा सांगू की नको असं झालं होतं, शेवटी सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तवा कोनी काऊन नाही सांगतलं रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पाचवीत होतो, हे काही उत्तर नाही. घरात शिकलेली मोठी माणसं होती, गावात होती, ज्या दवाखान्यात प्लास्टर घातलं तिथेही होती.

मग तिनेच विषय बदलला. "तुह्या दोस्ताले सांग मंग. त्याची मुदत हाय ना?"

आहे. साडेचार महिने उरलेत. सोमवारी तो आणि मी पोलीस स्टेशनला जाऊन आलो. कूपन अजून वापरलेलं नाही, म्हणाला वकिलाला विचारून वापरतो :)

असो. मी वकील नाही, वाचून समजलं ते लिहिलं. चूभूद्याघ्या, आणि खरोखर वेळ आली तर वकिलाला गाठा. गाडीत बसलात की नंबर तेवढा बघून ठेवा.