आयपी पत्ता अडवणे : कोण थांबतो, कोण अडकतो

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळालेला क्रमांक. चौथ्या आवृत्तीत तो चार आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ २०३.०.११३.४५, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. संकेतस्थळ उघडणाऱ्याचा पत्ता आणि वेळ सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंदली जाते. ऐन १४ एप्रिलला किंवा ६ डिसेंबरला आपले संकेतस्थळ अचानक बंद पडू लागले, तर पहिली नजर या लॉगवर टाकावी.

अडवणे सोपे आहे. होस्टिंगच्या सीपॅनेलमधील ‘आयपी ब्लॉकर’मध्ये पत्ता टाकला की तिथून येणाऱ्याला ४०३ हा नकार मिळतो. पत्त्याला /२४ जोडले तर एकदम २५६ पत्ते बंद होतात. मात्र संकेतस्थळ क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेच्या मागे असेल, तर लॉगमध्ये त्या सेवेचाच पत्ता दिसू शकतो. तो अडवला तर त्यामागून येणारे इतर वाचकही बाहेर!

खरी अडचण पुढे आहे. चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत. ते पुरत नाहीत, म्हणून मोबाइल कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात. वसतिगृहाच्या वायफायचेही तेच. त्रास देणारा एक, दार बंद होते ते अनेकांचे, त्यात आपलेच विद्यार्थीही आले. एकाच्या वागण्यासाठी अख्खी वस्ती वाळीत टाकणे आपल्याला तरी ओळखू यायला हवे. आणि ज्याच्यासाठी हे केले, तो फोनचा डेटा बंद-चालू करून बहुधा नव्या पत्त्याने परत येतो. व्हीपीएन वापरला तर देशही बदलतो.

सहाव्या आवृत्तीत पत्ते इतके मुबलक आहेत की एकेक अडवण्यात अर्थ नाही. तिथे सहसा /६४ हा गट अडवतात.

माझ्या मते कायमची बंदी घालूच नये. काही तासांची पुरते. त्याहून बरे म्हणजे एका पत्त्यावरून मिनिटाला किती विनंत्या घ्यायच्या, याची मर्यादा ठरवणे.

धमकी किंवा जातिवाचक शिवीगाळ आली असेल, तर अडवण्याआधी लॉगची प्रत काढून ठेवा. जुने लॉग आपोआप पुसले जातात. वेळ कोणत्या प्रमाणवेळेतील आहे तेही लिहा. अनेक सर्व्हर यूटीसी वापरतात, जी आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. सामायिक पत्त्यामागचा नेमका ग्राहक शोधायला पोलिसांना पोर्ट क्रमांकही लागतो. साध्या लॉगमध्ये तो नसतो, होस्टिंगवाल्याला सांगून ती नोंद आधीच सुरू करून घ्यावी.