विद्यापीठ पोलीस (अमेरिका)

अमेरिकेतील विद्यापीठांच्या आवारात काम करणारे स्वतंत्र पोलीस दल. १८९४ मध्ये न्यू हेवन शहराच्या दोन पोलिसांची नेमणूक येल विद्यापीठात झाली. तेथून ही प्रथा सुरू झाल्याचे मानतात. अनेक दलांना अटकेचे अधिकार असतात. आपल्याकडील सुरक्षारक्षकांहून ती वेगळी ठरतात ती यामुळेच. रोजचे काम मात्र साधे असते: सायकलींची नोंदणी, हरवलेल्या वस्तू, खोलीतील चोरीची तक्रार. रात्री उशिरा ग्रंथालयातून निघताना फोन केला, तर बऱ्याच ठिकाणी सोबतीला माणूस येतो आणि वसतिगृहाच्या दारापर्यंत पोहोचवतो. वाटेवर निळ्या दिव्याचे खांब असतात; बटण दाबले की मदतीसाठी थेट बोलता येते. घरापासून दूर राहणाऱ्या मुलामुलींना हा आधार लहान नाही.

१९८६ मध्ये लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा खून झाला. तिच्या आईवडिलांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये, आज तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्यानुसार विद्यापीठांना गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी लागते, धोका दिसताच विद्यार्थ्यांना सावध करावे लागते. हा अहवाल पुण्यामुंबईच्या पालकांनाही प्रवेशापूर्वी पाहता येतो; त्यांनी तो जरूर पाहावा.