जीर्णोद्धार, पाठशुद्धी आणि एक जुनी स्कूटर

मराठीत मोडलेली वस्तू पुन्हा उभी करण्यासाठी निरनिराळे शब्द आहेत. घड्याळाची 'दुरुस्ती' होते, घराची 'डागडुजी' होते, देवळाचा 'जीर्णोद्धार' होतो आणि पोथीची 'पाठशुद्धी' होते. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दुरुस्तीला वस्तूच्या वापराशी कर्तव्य असते, डागडुजीला तात्पुरत्या टिकाऊपणाशी. जीर्णोद्धारात वस्तूच्या पावित्र्याची कल्पना गृहीत असते आणि पाठशुद्धीत तिच्या मूळ रूपाची. जुन्या मोटारी आणि दुचाक्या पुन्हा सजीव करण्याचा छंद आता आपल्याकडेही रुजला आहे. त्याला सर्रास 'रिस्टोरेशन' म्हणतात. या एका शब्दाच्या पोटात वरील चारही शब्द दडलेले आहेत, आणि त्यांच्यातील विरोधही.

प्रस्तुत लेखाला निमित्त आहे ते 1988 साली घेतलेल्या एका बजाज चेतकचे. आमच्यापैकी एकाच्या वडिलांची ही स्कूटर. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या निधनानंतर ती बारा वर्षे जिन्याखाली उभी होती. मराठी विषय शिकवणाऱ्या आम्हा तिघांनी, यंत्राचा कोणताही पूर्वानुभव नसताना, ती चालती करण्याचे ठरवले. काम करताना आमच्यापुढे जे प्रश्न आले ते यंत्रशास्त्राइतकेच संपादनशास्त्राचे आणि इतिहासाचे होते. येथे त्यांचाच विचार करावयाचा आहे.

जुनी गाडी पुन्हा घडवण्याच्या छंदाचे आदर्श चित्र अमेरिकेतून आले आहे. 1964 साली पाँटिअॅक कंपनीने 'जीटीओ' ही गाडी आणली. मध्यम आकाराच्या सांगाड्यात सुमारे 6.4 लिटरचे इंजिन बसवलेल्या या गाडीपासून 'मसल कार' या प्रकाराचे युग सुरू झाले असे सामान्यतः मानले जाते. स्वस्त पेट्रोल, रुंद रस्ते आणि युद्धोत्तर सुबत्तेत वाढलेली तरुण पिढी यांतून ती संस्कृती घडली. आज तेथील मध्यमवयीन माणूस जेव्हा गंजलेली मसल कार गॅरेजात आणतो, तेव्हा तो बव्हंशी स्वतःच्या तारुण्यातील सामर्थ्याची प्रतिमा परत मिळवू पाहत असतो. आमच्या चेतकचे इंजिन सुमारे 145 घनसेंटिमीटरचे. त्या अमेरिकन इंजिनाच्या पोटात अशी चाळीसहून अधिक इंजिने मावतील. आपल्या पिढीच्या स्मृतीत सामर्थ्य नाही, प्रतीक्षा आहे. हा फरक केवळ आकाराचा नसून इतिहासाचा आहे.

तो इतिहास थोडक्यात असा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत, 1946 साली, पिआज्जिओ कंपनीने 'व्हेस्पा' बाजारात आणली. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा मूळचा विमानांचा अभियंता. वेगळा सांगाडा न ठेवता पत्र्याच्या अंगालाच भार पेलायला लावण्याची तिची रचना या पार्श्वभूमीशी सुसंगतच होती. 1948 च्या सुमारास बजाज समूहाने अशी वाहने आयात करून विकण्यास आरंभ केला. 1959 साली उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. पिआज्जिओशी असलेला करार 1971 मध्ये संपला. लगेच 1972 साली राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' आली. इटालियन देह आणि मेवाडी नाव असे हे रूपांतर होते. भाषांतर आणि रूपांतर यांतील भेद वर्गात शिकवताना नाटकांइतकेच हेही उदाहरण द्यायला हरकत नसावी.

परवाना पद्धतीच्या त्या काळात उत्पादन किती करायचे हे सरकार ठरवीत असे. त्यामुळे स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे. म्हणून आखातातील नातेवाइकाला घरात वेगळाच मान असे. लग्नाच्या बोलणीत स्कूटर हा हुंड्याचा एक ठरलेला जिन्नस झाला. पुढे उभे मूल, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली पत्नी आणि हँडलवर कर्ता पुरुष, हे मध्यमवर्गीय कुटुंबाचे जणू अधिकृत चित्र होते. आज या चित्राकडे हळव्या नजरेने पाहताना त्यातील सत्तेची उतरंड आणि कित्येक वधूपित्यांचे कर्ज आपण विसरतो. स्मरणरंजन हे इतिहासाचे पहिले रूप असले, तरी ते अंतिम रूप असू नये.

आमच्या शहराचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, वाळूज येथे, बजाजचा कारखाना 1985 साली राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते सुरू झाला. निजामी राजवटीतून 1948 मध्ये मुक्त झालेल्या, उद्योगांच्या बाबतीत मागे राहिलेल्या मराठवाड्यात ही घटना मोठी होती. 1950 साली डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने सुरू झालेले मिलिंद महाविद्यालय आणि 1958 साली स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ यांनी येथे शिकलेला तरुण घडवला होता. त्याला कामाची जागा वाळूजने देऊ केली. कारखान्याभोवती सुटे भाग करणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे विणले गेले, बजाजनगर वसले. खेड्यातून आलेल्या कित्येक कुटुंबांत पहिला मासिक पगार या पट्ट्यातूनच आला. पुढे, या शतकाच्या आरंभी, शेंद्र्याला परदेशी मोटारींची जुळणी होऊ लागली. परंतु शहराच्या बोलण्यात 'कंपनी' हा शब्द रुजला तो वाळूजमुळे.

ज्या वर्षी वाळूजचा कारखाना सुरू झाला, त्याच 1985 साली हिरो होंडाची चार-स्ट्रोक 'सीडी 100' मोटारसायकल बाजारात आली. कमी पेट्रोल पिणाऱ्या त्या जातीच्या मोटारसायकलींनीच पुढे गिअरच्या स्कूटरची सद्दी संपवली. 1991 पासून धुराविषयीचे नियम येत गेले आणि कडक होत गेले. पेट्रोलात तेल मिसळून चालणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनाला ते जड गेले. 2009 च्या अखेरीस कंपनीने स्कूटरच्या धंद्यातून बाहेर पडण्याचे जाहीर केले. 'चेतक' हे नाव 2020 साली परत आले ते विजेवर चालणाऱ्या स्कूटरसाठी. नाव तेच, संहिता निराळी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जीर्ण वस्तू परत उभी करताना कोणत्या क्षणाकडे परतायचे? या प्रश्नाची तीन उत्तरे आमच्या जिल्ह्यातच सापडतात.

पहिले अजिंठ्याचे. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि त्याचा सहकारी ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना लेण्यांतील चित्रांच्या रक्षणासाठी बोलावले. त्यांनी सुटू लागलेले थर भिंतीला धरून ठेवण्याचे महत्त्वाचे काम केले. पण चित्रांवर दिलेला लाखेचा लेप काळाच्या ओघात पिवळा पडला. चित्र उजळावे म्हणून दिलेल्या लेपानेच ते मंदावले, आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो काढण्याचे कष्टाचे काम करावे लागले. धडा असा की, जे केले ते पुढच्या पिढीला उलटवता आले पाहिजे.

दुसरे वेरूळचे. घृष्णेश्वराचे आजचे मंदिर हे अठराव्या शतकातील, होळकरांच्या काळातील जीर्णोद्धाराचे फळ आहे. तेथे जुन्या दगडाची जुनी झीज जपण्याचा हेतू नव्हता; पूजा अखंड चालावी हा हेतू होता. जिवंत वास्तूचा धर्म चालत राहण्याचा असतो. युरोपात एकोणिसाव्या शतकात यावरच मोठा वाद झाला. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक यांनी वास्तूला तिच्या परिपूर्ण रूपात नेण्याचा, प्रसंगी ते रूप पूर्वी कधीच नसले तरी, पुरस्कार केला. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांनी 1849 च्या आपल्या ग्रंथात अशा पुनर्रचनेला वास्तूचा विनाशच मानले.

तिसरे उत्तर पैठणचे, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. तीन शतकांच्या लेखनपरंपरेत शिरलेली अशुद्धे त्यांनी दूर केली आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घुसडू नये अशी ताकीदही दिली. नाथ स्वतः समर्थ कवी होते. तरीही संपादक म्हणून त्यांनी कवीला बाजूला ठेवले. पुढे 1909 साली वि. का. राजवाडे यांनी एका जुन्या पोथीच्या आधारे वेगळ्या पाठाची ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि 'मूळ' म्हणजे काय हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. नाथांची प्रत ही लोकांच्या पारायणात राहिलेली संहिता, तर राजवाड्यांचा शोध त्यापलीकडच्या संहितेचा. दोन्ही प्रयत्न प्रामाणिक. दोहोंचे 'मूळ' मात्र निराळे.

स्कूटरच्या कामात ही तिन्ही उत्तरे आम्हाला उपयोगी पडली. इंजिनाच्या बाबतीत वाद नव्हता. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या दोन-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे ऑइल सील वाळतात, त्यांतून हवा आत ओढली जाते आणि मिश्रण बिघडते. कार्बोरेटरच्या जेटमध्ये जुन्या तेलाचा चिकटा बसतो, टाकीला आतून गंज चढतो. सील बदलले, टाकीत नटबोल्ट घालून ती खळखळवून गंज काढला, सिलिंडर बोअर करून एक माप मोठा पिस्टन घातला, केबली नव्या टाकल्या. येथे घृष्णेश्वराचा न्याय लागू होता: स्कूटर चालणे हाच तिचा धर्म. या कामात आमचे गुरू होते जुन्या शहरातील एक वयोवृद्ध मिस्त्री. ते मापे वाचीत नसत. आवाजावरून आणि बोटाच्या स्पर्शाने सांगत. त्यांच्या ज्ञानाची पोथी नाही, केवळ मौखिक परंपरा आहे, आणि ती पुढे चालवणारा शिष्य त्यांच्या गॅरेजात आम्हाला दिसला नाही. लोकसाहित्याच्या संकलनासाठी विद्यार्थ्यांना खेड्यांत पाठवणाऱ्या आम्हा प्राध्यापकांनी या गल्लीतही एखादी वही घेऊन जावे, असे तेव्हा तीव्रतेने वाटले.

वाद झाला तो अंगावरून. पाय ठेवण्याचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. तो कापून नवा जोडणे भाग होते. पण डाव्या कव्हरावर एक खोल पोचा होता. आमच्यातील एकाचे म्हणणे, पोचा ठोकून, लांबी भरून, सबंध स्कूटर कारखान्यातून निघाली तशी करावी. दुसऱ्याचे म्हणणे, रंगालाच हात लावू नये. ज्यांच्या वडिलांची ती स्कूटर, ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सांगितले की तो पोचा शाळेच्या फाटकाचा आहे. परीक्षेला उशीर होत असलेल्या एका विद्यार्थ्याला वडिलांनी मागे बसवून आणले, आणि घाईत स्कूटर फाटकाला घासली. तो पोचा काढण्याची सूचना पूर्वी आईनेही केली होती. वडिलांनी ती कधीच मानली नाही.

संपादनाच्या भाषेत सांगायचे तर तो पोचा ही लेखनिकाची चूक नव्हती. ती कर्त्याने स्वीकारलेली दुरुस्ती होती. कारखान्याच्या 'मूळ' संहितेत ती नाही. परंतु ज्या माणसाने ही स्कूटर वीस वर्षे चालवली त्याच्या अंतिम प्रतीत ती आहे. आम्ही तो पोचा राखला. त्याभोवतीचा जुना रंग केवळ धुऊन पुसला, उरलेल्या भागांना मिळताजुळता रंग दिला. नवे कोठे संपते आणि जुने कोठे सुरू होते हे जवळून पाहणाऱ्याला कळेल एवढा फरक मुद्दाम ठेवला. नव्याने जोडलेले ते जुन्यापासून ओळखू यावे, हे तत्त्व 1964 च्या व्हेनिस सनदेनेही वास्तूंसाठी सांगितले आहे.

केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंद होण्यासाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि मोठे फेरफार न झालेले असावे लागते. आमच्या स्कूटरला ती पात्रता वयाने अद्याप नाही, आणि नव्या पत्र्यामुळे कदाचित पुढेही वाद होईल. होवो. नियमाला वस्तूचा जन्मक्षण महत्त्वाचा वाटतो, कारण तो मोजता येतो. वस्तूचे आयुष्य मोजता येत नाही, ते वाचावे लागते. वाळूजच्या पट्ट्यात राबलेल्या हातांचा, गल्लीतल्या मिस्त्र्यांचा आणि हप्ते फेडणाऱ्या शिक्षकांचा इतिहास अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही. त्याची साधने दफ्तरखान्यांत थोडी आणि जिन्यांखाली पुष्कळ आहेत. भंगारात जाण्यापूर्वी ती कोणीतरी वाचली पाहिजेत.