फेनिल

रिठ्याची सालं रात्री कोमट पाण्यात भिजत घालावीत आणि सकाळी बोटांनी चुरावीत. पाणी पांढरं होतं, फुगतं, भांड्याच्या काठाशी येतं. आमच्याकडे सोन्याच्या पाटल्या अजून ह्याच पाण्याने धुतात. ‘रिठा’ आला संस्कृत ‘अरिष्ट’वरून, पण त्याच झाडाचं दुसरं संस्कृत नाव मला फार आवडतं: फेनिल. झाडाचा गुणच झाडाचं नाव झाला. ‘फेन’ म्हणजे फेस. गोव्याची फेणीही त्याच कुळातली मानतात. ओतताना उठणाऱ्या बुडबुड्यांवरून जाणकार तिचा कस ओळखतात. फेसाचं क्रियापद मात्र मराठी स्वयंपाकघरातलं आहे. मोहरी फेसतात, नाकात झिणझिण्या येईपर्यंत.

रिठ्यासारखा फेस आणणाऱ्या पदार्थांसाठी विज्ञानात वेगळंच नाव आहे. ‘सर्फॅक्टंट’ हा शब्द १९५०च्या सुमाराचा, ‘सरफेस ॲक्टिव्ह एजंट’ जोडून केलेला. आपण त्याला पृष्ठसक्रिय पदार्थ म्हणतो. हा पदार्थ कुठे काम करतो ते त्यातून कळतं, डोळ्यांना काय दिसतं ते कळत नाही.

डोळ्यांना काय दिसतं त्यासाठी नैसर्गिक वायूची विहीर घ्या. वायूबरोबर पाणीही वर येतं: काही थेंब होऊन, बाकीचं नळीच्या आतल्या अंगाला चिकटलेला पातळ थर होऊन. विहीर जुनी होते, वायूचा वेग मंदावतो, तो थर वर चढायचा थांबून खाली घसरू लागतो. तळाशी पाणी साचतं आणि विहीर त्याच्याखाली घुसमटते. मग आत साबणाच्या कांड्या सोडतात. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटनवरून तिशीच्या आसपास येतो, पण खरी करामत फेसाची. घसरणारा थर फुगून हलका, जाड आणि खडबडीत होतो. मंद वायूलाही तो धरून वर नेता येतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात उभ्या नळीत हवा-पाणी सोडून हे मोजलं आहे. वेग कमी असताना फेसामुळे दाब कमी खर्च होतो. वेग भरपूर असेल तर तोच फेस वाट अडवतो आणि दाब जास्त लागतो.

सगळेच पृष्ठसक्रिय पदार्थ फेसाळत नाहीत. काही तर फेस मोडतात. म्हणून पुस्तकात ‘पृष्ठसक्रिय’ हाच शब्द राहू द्यावा. विहिरीत सोडायच्या कांडीला मात्र ‘फेनिल’च म्हणावं. धावून दमलेल्या घोड्याच्या तोंडाला फेस येतो. इथे विहिरीच्या तोंडाशी फेस आला की दमलेली विहीर पुन्हा वाहू लागली असं समजायचं.