गायनापूर्वींची सिद्धता

महोत्सवाच्या मिस्सेंत गायकवर्गाचा स्वर उठतो, तेव्हां त्यामागें किती सायंकाळांचे श्रम आहेत हें ऐकणारास सहसा ठाऊक नसतें. ह्या श्रमांच्या इतिहासांतील एक जुनें प्रकरण वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सहाव्या शतकांत संत बेनेदिक्त ह्यांनीं मठवासी बंधूंसाठीं जे नियम लिहिले, त्यांत देवासमोर गाणाराच्या व वाचणाराच्या सिद्धतेकडे बारीक लक्ष दिलेलें आढळतें. हिवाळ्यांत बंधूंनीं मध्यरात्र उलटून कांहीं वेळानें उठावें, म्हणजे विश्रांतीही मिळते व अन्नही पचलेलें असतें. रात्रीच्या प्रार्थनेनंतर जो अवकाश उरेल, तो ज्यांस स्तोत्रें नीट येत नसतील त्यांनीं अभ्यासांत घालवावा. भोजनसमयीं जो वाचन करितो त्यास आरंभीं थोडा पाणी घातलेला द्राक्षारस द्यावा, कारण तोंपर्यंत उपाशी राहणें त्यास जड जाईल! देहाची इतकी काळजी वाहणारे संत मनाविषयीं मात्र एकच अट घालतात: मुखांत जें स्तोत्र आहे त्याच्याशीं चित्तही जुळलेलें असावें. गातांना चुकणारास सर्वांसमक्ष नम्र व्हावें लागे. मुलांस तर मार बसे.

पण खरा भार पडे तो स्मरणशक्तीवर. वर्षभराच्या उपासनेंतील गायन गुरुमुखानेंच शिकावें लागे. पोथींत शब्दांच्या वर कांहीं खुणा असत; त्यांवरून स्वर चढतो कीं उतरतो हें कळे, परंतु नेमका किती, हें बहुधा कळत नसे. दहा वर्षें खपूनही गायकाचें ज्ञान अपुरेंच राही, असें ग्वीदो नांवाच्या मठवासी बंधूंनीं लिहून ठेविलें आहे.

हे ग्वीदो अकराव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील पोंपोझाच्या मठांत होते. त्यांनीं स्वरांसाठीं रेघा आंखल्या व त्यांतील एक तांबडी, एक पिवळी केली, म्हणजे कोणता स्वर कोठें हें डोळ्यांस तत्काळ दिसावें. दुसरी युक्ति मनासाठीं होती. संत योहान बाप्तिस्ताच्या सणाचें (२४ जून) एक लॅटिन गीत त्यांनीं घेतलें. त्याचे पहिले सहा चरणखंड एकेक पायरी वरच्या स्वरावर सुरू होतात, आणि त्यांचीं आद्याक्षरें ऊत, रे, मी, फा, सोल, ला अशीं आहेत. (वाचकांस आपलें सा, रे, ग, म आठवल्यावांचून राहणार नाहीं, पण हीं अक्षरें त्या गीतांतलींच होत.) हें गीत पक्कें पाठ झालें कीं अनोळखी गाणें तोंड उघडण्यापूर्वींच मनांत त्याच्याशीं ताडून पाहतां येई. त्यांतील मागणेंही तसेंच आहे: कंठ मोकळा व्हावा, ओठांवरील पापाचा मळ जावा, म्हणजे सेवकांस गातां येईल. याहून समर्पक गीत मिळालें नसतें असें आम्हांस वाटतें.

आतां एक किंवा फार तर दोन वर्षांत गायक तयार होतो, असें ग्वीदो लिहितात. मठांतील कित्येकांस हें रुचलें नाहीं. मत्सर इतका वाढला कीं त्यांस पोंपोझा सोडावें लागलें. आरेत्सोचे बिशप तेओदाल्द ह्यांनीं त्यांस आश्रय दिला. न फुटणारी काच कैसराकडे नेऊन जिवास मुकलेल्या कारागिराशीं ते आपली तुलना करितात.

पुढें पोप योहान १९ वे (१०२४–१०३२) ह्यांनीं तीन दूत पाठवून त्यांस रोमला बोलाविलें. पोप महाराजांनीं त्यांची गीतपोथी पुनःपुन्हां चाळली, आणि पूर्वीं कधीं न ऐकलेलें एक चरण स्वतः गातां येईपर्यंत ते आसनावरून उठले नाहींत. ग्वीदोंनीं तेथील धर्मगुरूंस शिकवावें असें ठरत होतें. परंतु शिष्यांचीं वर्षें वांचविणाऱ्या ह्या गुरूच्या देहास रोमचा दमट उन्हाळा सोसवला नाहीं. हिवाळ्यांत परत येण्याचें ठरवून ते निघाले.

ह्याच सुमारास पोंपोझाच्या मठाधिपतींची व त्यांची भेट झाली. पोथी पाहतांच मठाधिपतींस पूर्वीं विरोधकांची बाजू घेतल्याचा पश्चात्ताप झाला व त्यांनीं ग्वीदोंस मठांत परत येण्याचा आग्रह केला. हें सारें वृत्त ग्वीदोंनीं मिखाएल नांवाच्या बंधूस पत्रानें कळविलें, आणि त्याच पत्रांत योहानाच्या गीताची रीति लिहून दिली.