पट्टी, चेन आणि वळकटी

ज्या वस्तूस आपल्या भाषेत अद्याप स्वतःचे नाव मिळालेले नाही, अशी एक वस्तू हल्ली शहरांतील पुष्कळ घरी खुंटीस लटकलेली दिसते. ती म्हणजे योगासनांची चटई गुंडाळून ठेवण्याची लांबट पिशवी. नळीसारखा आकार, दोन्ही टोकांस कापडाच्या वाटोळ्या चकत्या, एका अंगाने वरपासून खालपर्यंत चेन आणि खांद्यास अडकविण्यापुरता एक बंद, इतकाच तिचा संसार. बाजारात ती तयार मिळते. तथापि हौशी हात तिला घरीच शिवतात, आणि तीही बहुधा निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्या एकमेकींस जोडून. असल्या किरकोळ वस्तूचा इतिहास तो काय असावयाचा, असे वाचकांस वाटेल. परंतु आम्ही या पिशवीचे टाके थोडेसे उसवून पाहिले, तेव्हा तिच्यात तीन वेगवेगळे इतिहास एकत्र शिवले गेले आहेत असे आमच्या ध्यानी आले. त्यांपैकी दोहोंत माणसांची नावे ठळकपणे नोंदलेली आहेत; तिसऱ्यात ती जवळजवळ नाहीतच. या लेखाचे प्रयोजन मुख्यतः हा तिसरा इतिहासच आहे.

प्रथम पिशवीत जी वस्तू राहावयाची तिच्याकडे पाहू. आसनाखाली काय असावे याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानासाठी बसणाऱ्याने कुश, अजिन व वस्त्र यांचे आसन करावे असे सांगितले आहे. पुढे दर्भासनाची जागा घोंगडीने घेतली, घोंगडीची सतरंजीने घेतली. यांतील कोणतीही वस्तू केवळ योगासाठी म्हणून कोणी विणली नव्हती. जी अंथरूण होती तीच सकाळी आसन होई. आजची चिकट पृष्ठाची चटई मात्र अगदी अलीकडची आहे. पुण्यास बी. के. एस. अय्यंगार यांच्यापाशी शिकलेल्या अँजेला फार्मर या इंग्रज बाई युरोपात योग शिकवीत असत. लहानपणीच्या एका शस्त्रक्रियेमुळे त्यांच्या तळहातांस व तळपायांस घाम येत नसे, आणि म्हणून गुळगुळीत जमिनीवर त्यांचे हातपाय ठरत नसत. गालिचा सरकू नये म्हणून त्याच्याखाली घालावयाचे जे अस्तर जर्मनीत मिळत असे, त्याचा एक तुकडा त्यांनी आसनांसाठी वापरून पाहिला, आणि हात घसरावयाचा थांबला. गालिच्याखालची वस्तू अशा रीतीने गालिच्याच्या वर आली. सुमारे 24 इंच रुंद व 68 इंच लांब हे माप पुढे रूढ झाले, ते आजवर तसेच आहे.

अशी लांब वस्तू गुंडाळून न्यावयाची ही कल्पना मात्र आपल्या लोकांस कोणी शिकवावी लागली नाही. वळकटी हा शब्दच त्याची साक्ष देईल. यात्रेकरू, पलटणीतील शिपाई, वसतिगृहात राहावयास निघालेला विद्यार्थी, सर्वांच्या काखेस वळकटी असे. आगगाडी आली तेव्हा या वळकटीस किंतानाचे कवच व चामड्याचे पट्टे मिळाले, आणि तिचे नाव होल्डॉल झाले. आगगाडीच्या डब्यात बाकाखाली सारलेला होल्डॉल ज्यांनी पाहिला आहे, त्यांस आजची पिशवी म्हणजे त्याच घराण्यातील धाकटी पाती वाटल्यास नवल नाही.

आता चेनीचा वृत्तान्त. शिवण्याच्या यंत्राचे अमेरिकेतील पेटंट ज्यांनी 1846 साली घेतले ते एलायस हौ, हे नाव पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु याच गृहस्थांनी 1851 साली कपडे एकसारखे बंद करण्याच्या एका साधनाचेही पेटंट घेतले होते, हे फारसे कोणास ठाऊक नसते. ते साधन त्यांनी बाजारात कधी आणलेच नाही. यंत्राच्या हक्कांविषयीचे खटले व त्यांतून येणारे उत्पन्न यांतच त्यांचे पुढील आयुष्य गेले. ज्या यंत्रावर पिशवी शिवावयाची व ज्या चेनीने ती मिटावयाची, त्या दोहोंचीही पूर्वपीठिका अशी एकाच मनुष्याच्या डोक्यातून निघाली आहे.

त्यानंतर बेचाळीस वर्षांनी शिकागो येथील व्हिटकोंब जडसन यांनी बुटांसाठी एक आकड्यांची साखळी योजिली. तिची पेटंटे त्यांस 29 ऑगस्ट 1893 रोजी मिळाली. त्या तारखेपासून तेराव्या दिवशी, म्हणजे 11 सप्टेंबर रोजी, त्याच शिकागो शहरात सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद उभे राहिले. योग हा शब्द अमेरिकेच्या घरोघरी पोहोचण्यास ज्या घटना कारण झाल्या त्यांत या व्याख्यानांची व त्यामागोमाग 1896 साली निघालेल्या ‘राजयोग’ या ग्रंथाची गणना होते. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध काहीच नाही, आणि तो जोडण्याचा आमचा आग्रहही नाही. परंतु एका गावी एकाच पंधरवड्यात उगम पावलेले दोन प्रवाह शंभर वर्षांनी एका पिशवीच्या शिवणीत येऊन मिळावेत, ही गंमत वाचकांपुढे ठेविल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

जडसन यांची साखळी वारंवार उसवे. तिचे दोष दूर केले ते स्वीडनमध्ये जन्मलेल्या गिडियन संडबॅक यांनी. आकडे काढून टाकून त्यांनी दोन्ही फितींवर बारीक दाते बसविले. त्यांची संख्या इंचास चारांवरून दहा-अकरांपर्यंत वाढविली. आणि दोन्ही बाजूंचे दाते एकमेकांत गुंतविणारा व सोडविणारा रनर सिद्ध केला. हे काम 1913 च्या सुमारास झाले आणि पेटंट 1917 साली मिळाले. 1923 साली गुडरिच कंपनीने रबरी बुटांस ही चेन लावली व तिच्या सरकण्याच्या आवाजावरून तिचे ‘झिपर’ हे नाव प्रसिद्ध केले. आपल्याकडील शिंप्यांनी तिला सरळ चेन म्हटले. गुंडीस काज हवे, नाडीस नेफा हवा. चेनीस यांपैकी काहीच नको, आणि उघडझाप क्षणात. लांबट पिशवीच्या एका अंगाने संपूर्ण तोंड उघडावयाचे तर हिच्याइतके सोयीचे साधन दुसरे नाही.

आता तिसरा इतिहास, पट्ट्यांचा. चेन शंभर वर्षांपलीकडे फारशी जात नाही. पट्ट्या मात्र आपणांस बुद्धाच्या काळापर्यंत नेतात. विनयपिटकात अशी कथा आहे की, दक्षिणगिरीकडे जात असता भगवान बुद्धांनी मगधदेशातील भातखाचरे पाहिली. बांधाबांधांनी आखलेल्या त्या लांबट शेतांकडे बोट दाखवून त्यांनी आनंदास विचारले, भिक्षूंसाठी अशी चीवरे तुला करिता येतील काय? आनंदाने तशी ती करून दाखविली. जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले नवे वस्त्र स्वीकारण्याची मोकळीक भिक्षूंस मिळाली होती. परंतु ते चीवर म्हणून वापरावयाचे तर कापून व पट्ट्या जोडूनच, हा नियम राहिला. कारण उघड आहे. अखंड वस्त्रास बाजारात किंमत येते, चोरासही त्याचा मोह होतो; तुकड्यांच्या वस्त्रास ती भीती नाही. कापडाचे मोल घालविण्यासाठीच त्यास कात्री लावावयाची, असा हा विचार होता. जोगी-गोसाव्यांची कंथा हीदेखील याच कुळातली. तेव्हा योग आणि तुकड्यांची शिवण यांची गाठ पिशवीने प्रथम घातली असे नव्हे. ती गाठ फार पूर्वीची आहे.

संन्याशाने जे वैराग्याने केले ते गृहिणीने गरजेने केले. जुने लुगडे विटले म्हणजे त्याचे दुपटे होई, दुपटे विरले म्हणजे ते गोधडीच्या पोटात जाई. वरखाली त्यातल्या त्यात धड पाती, मध्ये विरलेल्या कापडांचे थर, आणि कडेपासून आत आत वळत जाणारा धावदोरा. ही वाकळीची रीत महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळते. तिकडे अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात सेमिनोल जमातीच्या स्त्रियांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हातयंत्रावर याच विद्येस निराळे वळण दिले. रंगीत पट्ट्या लांबीने जोडावयाच्या, जोडलेले कापड पुन्हा आडवे कापावयाचे, तुकडे किंचित सरकवून परत शिवावयाचे, आणि त्यांतून नक्षी उभी करावयाची. हौ, जडसन व संडबॅक यांची नावे पेटंटांच्या कागदांवर आहेत. आनंदाचे नाव ग्रंथात आहे. परंतु गोधडीचा पहिला धावदोरा कोणी घातला, किंवा तुकडे सरकवून जोडण्याची युक्ती कोणत्या सेमिनोल बाईस प्रथम सुचली, हे सांगणारा कागद नाही. त्यांची बुद्धी यंत्र करणारांहून उणी होती असे म्हणण्यास काही आधार नाही. त्यांच्या बुद्धीची नोंद ठेवणारे कार्यालय नव्हते, एवढेच.

ही बुद्धी म्हणजे काय, हे पाहावयाचे तर पिशवी शिवण्याचा हिशेबच घ्यावा. चटई 6 मिलिमीटर जाडीची असेल तर तिची गुंडाळी अगदी घट्ट केली तरी साडेचार इंचांहून बारीक होत नाही, आणि हाताने गुंडाळलेली चटई तितकी घट्ट कधीच बसत नाही. सबब टोकाच्या चकतीचा व्यास शिवून 6 इंच राहावा. मग तिचा परीघ 19 इंचांस किंचित कमी भरतो. पट्टी अडीच इंच रुंद कापली व दोन्ही कडांस पाव-पाव इंच शिवणीत गेले की दोन इंच उरतात. अशा नऊ पट्ट्यांचे अठरा इंच, आणि चेनीची मधली फीत अर्धा ते पाऊण इंच, परीघ जमला. लांबी 26 इंच ठेविली म्हणजे 24 इंची चटईस दोन्ही बाजूंस एकेक इंच मोकळा राहतो. चकती नळीस जोडताना दोहोंच्या कडांवर चार-चार ठिकाणी सारख्या अंतराने खुणा कराव्या, नळीच्या कडेस बारीक काप द्यावे, तरच सरळ कड वाटोळ्या कडेवर सुरकुतीवाचून बसते. आणि दुसरी चकती जोडण्यापूर्वी चेन अर्धी उघडून ठेवावी. नाहीतर पिशवी उलटीची सुलट करण्यास वाटच उरत नाही. हे सर्व गणित भूमितीच्या पुस्तकात π या अक्षराने सुरू होते. ज्यांनी ते पुस्तक कधी उघडले नव्हते, त्या बायकांनी टोपडी, कुंच्या व बटवे शिवताना ते बोटांनी सोडविले होते.

येथवर आल्यावर एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. हल्ली या पिशव्यांसाठी लागणाऱ्या पट्ट्या तयार मिळतात. परदेशी कापड-कंपन्या नव्या कोऱ्या कापडाच्या अडीच इंची पट्ट्या कापून, त्यांची सुबक गुंडाळी बांधून विकतात, आणि अखंड कापडाहून त्यांस भाव अधिक येतो. जुन्यातून नवे करण्यासाठी जी विद्या जन्मली, तिच्या नावाने नवे कापड कातरावयाचे, यास काय म्हणावे? कोणी म्हणेल, भिक्षूही नवे वस्त्र कापीतच होते. खरे आहे, परंतु ते कापीत होते किंमत उतरावी म्हणून, आणि येथे कापतात ती चढावी म्हणून. कृती एकच, पण तिचे तोंड अगदी उलट दिशेस वळलेले आहे.

म्हणून हौसेस नावे ठेवावी असे आम्हांस वाटत नाही. ज्या घरी चार पिढ्यांत कोणी यंत्रापाशी बसले नाही, तेथे विकतच्या पट्ट्यांनी का होईना, शिवणाऱ्या हातांचा अभ्यास पुन्हा सुरू होत असेल तर तो लाभच होय. शिवाय आपल्या पूर्वीच्या स्त्रियांनी गोधड्या केवळ आनंदासाठी शिवल्या असे म्हणणे हेही खोटे ठरेल. थंडी होती, कापड महाग होते, आणि दुसरा उपाय नव्हता. ती टंचाई परत यावी अशी इच्छा कोणीही शहाणा मनुष्य करणार नाही. परंतु टंचाई गेली म्हणून तिच्यातून मिळालेली नजर, म्हणजे विरलेल्या कापडातही धड भाग ओळखण्याची नजर, घालवून बसणे हा व्यवहार तोट्याचा आहे. प्रत्येक घरी एखादी तरी पेटी असते, जिच्यात आजीची वा मावशीची लुगडी नेसण्याजोगी राहिली नाहीत म्हणून, आणि टाकवत नाहीत म्हणून, पडून असतात. विकतच्या पट्ट्यांकडे वळण्यापूर्वी ती पेटी उघडावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

अशा जुन्या सुती कापडास चेनीचा ताण एकट्याने सोसत नाही. शिवणीच्या कडेने ते फाटते. यासाठी प्रत्येक पट्टीस आतून नव्या मांजरपाटाचा थर द्यावा, आणि चेनीलगतच्या दोन पट्ट्या तरी धड कापडाच्या घ्याव्या. काम पुरे झाल्यावर अस्तराच्या आतल्या बाजूस, जेथे कोणाची दृष्टी सहसा जात नाही तेथे, दोन नावे रंगीत दोऱ्याने भरावी. एक, जिची लुगडी त्या पट्ट्यांत आहेत तिचे. दुसरे, जिने वा ज्याने पिशवी शिवली त्याचे. आणि खाली साल. पेटंटाच्या कार्यालयात या विद्येची नोंद झाली नाही ती आता होणार नाही. पण पन्नास वर्षांनी कोणी ती पिशवी उसवावयास घेतली, तर त्यास निदान दोन नावे वाचावयास मिळतील.