काशीचे आकाश आणि मराठी अंतराळकथा

अंतराळ-संशोधनाचा साहित्यावरील प्रभाव तपासताना ४ ऑक्टोबर १९५७ हा दिवस सामान्यतः आरंभबिंदू मानला जातो. स्पुटनिकच्या उड्डाणाने अंतराळ सामान्य वाचकाच्या कल्पनाविश्वात आले आणि १९६९ च्या चंद्रावतरणाने विज्ञानकथेला लोकमान्यता मिळाली, अशी ही मांडणी आहे. मराठीपुरते पाहता ती अपुरी ठरते. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर ‘केरळ कोकिळ’ मासिकातून १९०० च्या सुमारासच मराठीत अवतरले होते. पण ते उसने घेतलेले साहस होते. जयंत नारळीकरांच्या कथांतील अंतराळ वेगळ्या परंपरेतून येते. त्या परंपरेचे एक प्रमुख स्थान काशी हे आहे, आणि तिच्या मुळाशी एक जुना वाद आहे: आकाशाविषयी अंतिम शब्द कोणाचा, ग्रंथाचा की पडताळ्याचा?

काशीतील मराठी विद्वत्-घराण्यांचा विचार धर्मशास्त्राच्या संदर्भात पुष्कळ झाला आहे. त्यांच्या ज्योतिर्गणिताकडे साहित्याभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. गोदातीरावरील गोलग्रामहून काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातील कमलाकराने १६५८ मध्ये ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ रचला. ध्रुवतारा पूर्णतः स्थिर नाही, हे त्याने नोंदविले. मात्र वेधाशी जुळवून घेण्यासाठी सूर्यसिद्धान्ताला संस्कार देण्यास त्याचा विरोध होता. सूक्ष्म निरीक्षण आणि ग्रंथप्रामाण्य यांचे असे सहवास्तव्य त्याच्या लेखनात दिसते. सुमारे दोन शतकांनी, पुण्यात १८२१ मध्ये जन्मलेले बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणिताचे अध्यापक झाले. त्यांनी सूर्यसिद्धान्ताचा इंग्रजी अनुवाद केला, मानमंदिरातील वेधयंत्रांचे वर्णन लिहिले आणि पुढे इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे स्वतःचे पंचांग प्रसिद्ध केले. ज्या नगरीत तिथी आणि मुहूर्त हा धर्मव्यवहाराचा पाया, तेथे ग्रहांची स्थाने परदेशी वेधशाळेच्या आकड्यांवरून घेणे ही केवळ तांत्रिक सुधारणा नव्हती. प्रामाण्याचे स्थानच त्यामुळे हलत होते.

या वादाला विसाव्या शतकात आधुनिक भौतिकीची भूमी मिळाली. केंब्रिजचे रँग्लर विष्णु वासुदेव नारळीकर पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून १९३२ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. सामान्य सापेक्षता हा विषय भारतात दुर्मीळ असताना त्यांनी तेथे त्याचे संशोधन उभे केले. प्र. चु. वैद्य १९४२ मध्ये त्यांच्याकडे आले आणि प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचे जे गणिती उत्तर पुढे ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून ओळखले गेले, ते याच सहवासात आकाराला आले. अग्निबाणांच्या युगाआधीची ही अंतराळयात्रा होती. तिला लागणारी सामग्री खडू आणि फळा एवढीच होती.

जयंत नारळीकरांची जडणघडण या परिसरात झाली. घरात मराठी, शाळेत हिंदी, विश्वविद्यालयात इंग्रजी असे त्यांचे त्रैभाषिक विश्व होते. घराच्या भिंतीवरच फळे होते. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यांवर गणिती आव्हाने लिहून ठेवीत. उत्तर सापडेपर्यंत ती पुसली जात नसत. आत्मचरित्रात्मक ‘चार नगरांतले माझे विश्व’ या ग्रंथात आलेली ही आठवण त्यांच्या कथनपद्धतीची किल्ली मानता येईल. नारळीकरांची कथा बहुधा कोडे म्हणून मांडली जाते. वाचकाला पुरेशी सामग्री दिली जाते आणि निष्कर्ष त्याच्या बुद्धीवर सोपविला जातो.

१९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले. तेथे लाभलेले मार्गदर्शक फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. शास्त्रज्ञाने कथा लिहिणे कमीपणाचे नाही, हा आदर्श त्यांना समोरच दिसला. मात्र स्वतःच्या पहिल्या मराठी कथेसाठी त्यांनी निराळा मार्ग निवडला. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. आद्याक्षरे उलट क्रमाने घेतली होती आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगला नारळीकरांकडून लिहवून घेतली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पद्मभूषण मिळून नऊ वर्षे झालेल्या लेखकाने आपले नाव दूर ठेवले, यात विनयापेक्षा अधिक काही आहे. विधान कोणाचे याकडे न पाहता ते तपासावे, हा विज्ञानातील नियम येथे साहित्यव्यवहाराला लावलेला दिसतो.

‘धूमकेतू’ या कथेत काशीचा जुना वाद आधुनिक रूपात उभा राहतो. हौशी खगोलनिरीक्षक दत्त एक धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असल्याचे गणित सांगते. शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येतात आणि स्फोटके घेऊन गेलेले यान त्याचा मार्ग बदलते. इकडे दत्तांच्या घरी अरिष्टनिवारणासाठी यज्ञ होतो. संकट टळल्यावर पत्नी इंद्राणी श्रेय यज्ञाला देते. पाश्चात्त्य आपत्तिकथेत उत्कर्षबिंदू स्फोटात असतो; येथे तो दिवाणखान्यात आहे. कथेतील यानाचे तंत्र आज अद्भुत राहिलेले नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘डार्ट’ यानाने डायमॉर्फस या लघुग्रहाच्या चंद्रकावर आदळून त्याची कक्षा बदलून दाखविली. कथेतला दुसरा प्रश्न मात्र तसाच आहे.

या लेखनाचा प्रयोगशील व्यवहाराशी संबंध तुटलेला नव्हता. धूमकेतूंमार्फत पृथ्वीवर जीवसृष्टी आली असावी, हे हॉईल व चंद्र विक्रमसिंघे यांचे मत बहुसंख्यांना अमान्य होते. ते वादापुरते न ठेवता नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेतले. २००५ च्या उड्डाणातून मिळालेल्या एका नव्या जीवाणूला हॉईल यांचे नाव देण्यात आले. तो पृथ्वीबाहेरून आला असे मात्र त्यामुळे सिद्ध झाले नाही. हीच कसोटी २००८ मध्ये फलज्योतिषाला लावली गेली. नरेंद्र दाभोलकर आदींच्या सहकार्याने झालेल्या चाचणीत २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासून जातक हुशार की मतिमंद ते सांगितले. बरोबर उत्तरे ४६ टक्के होती, नाणे उडवून मिळतील त्यापेक्षाही किंचित कमी.

नारळीकर डिसेंबर २०२१ च्या नाशिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा या परंपरेला मध्यवर्ती मान्यता मिळाली. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी, २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्याच्या यशासाठी अनेक ठिकाणी होमहवन झाले, त्यात वाराणसीही होती. ‘धूमकेतू’तील दिवाणखाना राष्ट्रव्यापी झाल्याचे ते दृश्य होते. यंत्राचे यश आणि समाजाची विवेकबुद्धी या दोन स्वतंत्र कक्षा आहेत. पहिलीतील प्रगती दुसरीत आपोआप उतरत नाही. कमलाकरापासून नारळीकरांपर्यंतचा काशीचा इतिहास हेच सांगतो. म्हणून मराठी अंतराळकथेचे तौलनिक मूल्यमापन करताना तिच्यातील याने किती दूर जातात यापेक्षा ती परत कोणत्या घरात येतात, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल.